स्क्रिप्टच्या पोटची प्रोसेस: फोर्कपासून सबप्रोसेसपर्यंत

पायथॉनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवायचा असेल तर आज सबप्रोसेस मॉड्यूलमधल्या रन फंक्शनची एक ओळ पुरते. पण त्या रनच्या पोटात काम करणारा पीओपन नावाचा क्लास उघडून पाहिला, तर त्याला वीसहून जास्त आर्ग्युमेंट देता येतात. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) हवा की नको, कोणत्या फोल्डरमधून सुरुवात करायची, उघड्या फाइल बंद करायच्या का, नवीन सेशन द्यायचं का, सिग्नल पूर्ववत करायचे का... नवख्याला ही यादी पाहून धडकी भरते. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यातल्या बहुतेक आर्ग्युमेंटमागे कुणाला तरी कधी तरी बसलेला फटका आहे. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जन्माला घालणं पहिल्यापासून सोपं होतं. तिला वारशात काय द्यायचं, तिचं म्हणणं कसं ऐकायचं आणि ती संपली हे कसं कळणार, हे ठरवण्यात मात्र पन्नास वर्षं गेली.

फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसमधून दुसरी काढणं, हा शब्द युनिक्सच्या आधीचा. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्ये एका शोधनिबंधात फोर्क आणि जॉइन ही जोडी मांडली होती. पुढे बर्कलीच्या प्रोजेक्ट जिनी या टाइमशेअरिंग सिस्टिममध्ये फोर्क प्रत्यक्षात आला. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ या छोट्या मशीनवर युनिक्स उभं करत होते, तेव्हा जिनीचं हे उदाहरण त्यांना माहीत होतं. सुरुवातीला त्यांच्याकडे एका टर्मिनलला एकच प्रोसेस असे. शेल कमांड वाचायचा आणि स्वतःच्याच जागी त्या कमांडचा प्रोग्रॅम आणून बसवायचा; प्रोग्रॅम संपला की शेलची ताजी प्रत पुन्हा आणली जायची. म्हणजे आजच्या एक्झेकचं काम शेल हातानेच करत होता. फोर्क जोडायला काय लागलं? रिचींनी मोजून सांगितलं आहे: असेंब्लीच्या २७ ओळी. चालू प्रोसेस डिस्कवर उतरवण्याची सोय आधीच होती. तिचाच वापर करून प्रत काढली, प्रोसेसची यादी थोडी वाढवली, झालं. फोर्क आणि एक्झेक वेगवेगळे का, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच इतकं साधं आहे: एक अर्धं काम आधीपासून होतं, दुसरं नंतर येऊन मिळालं.

आणि फटके लगेच बसायला लागले. फोर्क आल्याबरोबर डिरेक्टरी बदलण्याची कमांड चालेनाशी झाली. कोड नीट तपासला तरी चूक सापडेना. मग लक्षात आलं की डिरेक्टरी बदलतेय, पण ती चाइल्ड प्रोसेसची, म्हणजे फोर्कने निघालेल्या प्रतीची. चाइल्ड लगेच संपतेय आणि शेल जिथे होता तिथेच बसलाय. तेव्हापासून ही कमांड शेलच्या आतच चालवावी लागते. आजही स्क्रिप्टमधून सीडी ही डिरेक्टरी बदलणारी कमांड चालवून पुढच्या कमांडला तो बदल दिसेल अशी आशा धरणारे रोज भेटतात. त्यांच्यासाठीच पीओपनला सीडब्ल्यूडी हे सुरुवातीचा फोल्डर सांगणारं आर्ग्युमेंट आहे.

दुसरा फटका याहून सूक्ष्म होता. एका फाइलमध्ये एलएस (फाइलची यादी) आणि हू (कोण लॉगिन आहे) अशा दोन कमांड लिहून ती शेलला दिली आणि आउटपुट दुसऱ्या फाइलकडे वळवलं, तर हूचं आउटपुट एलएसच्या आउटपुटवरच लिहिलं जायचं. कारण फाइलमध्ये आपण कुठपर्यंत लिहिलं ही खूण प्रत्येक प्रोसेसकडे स्वतंत्र होती. दुसरी कमांड आपली शून्यापासून सुरुवात करायची. उपाय म्हणून उघड्या फाइलच्या खुणा प्रोसेसबाहेर, सगळ्यांच्या सामाईक तक्त्यात नेल्या गेल्या. आईची फाइल आणि मुलीची फाइल एकच, खूणही एकच. हा निर्णय योग्य होता, पण त्याची किंमत पुढे फार मोजावी लागली, त्याकडे येतोच.

१९७३ मध्ये डग मॅकइलरॉय यांच्या जुन्या आग्रहाला मान देऊन थॉम्पसन यांनी पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला पोहोचवणारी नळी, आणला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बॉर्न यांचा शेल होता, त्यात उलट्या अवतरणचिन्हांमध्ये कमांड लिहून तिचं आउटपुट उचलता यायचं. सी भाषेच्या लायब्ररीत सिस्टिम आणि पीओपन ही फंक्शन होती. दोन्ही एक स्ट्रिंग घेतात आणि ती शेलच्या हाती देतात. स्क्रिप्टच्या पुढच्या सगळ्या भाषांनी हा वारसा जसाच्या तसा घेतला. लॅरी वॉल यांच्या पर्लमध्ये, १९८७ पासून, उलटी अवतरणचिन्हं भाषेचाच भाग बनली. गीदो व्हान रोसम यांनी १९९१ च्या फेब्रुवारीत पायथॉन प्रसिद्ध केली, तिथेही सी लायब्ररीचीच नावं उतरली.

स्ट्रिंग शेलच्या हाती देणं म्हणजे काय, हे वेब आल्यावर कळलं. १९९३ नंतर सीजीआयमुळे, म्हणजे वेब सर्व्हरने स्क्रिप्ट चालवण्याच्या पद्धतीमुळे, कुणाही अनोळखी माणसाने फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर स्क्रिप्टमध्ये यायला लागला, आणि स्क्रिप्ट तो कमांडला जोडून शेलला द्यायची. मजकुरात अर्धविराम असला की शेल पुढचं वेगळी कमांड समजणार. एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राच्या वेब सर्व्हरबरोबर पीएचएफ नावाचा नमुन्याचा प्रोग्रॅम मिळायचा. त्यात अशी धोक्याची चिन्हं निष्प्रभ करणारं फंक्शन होतं, पण त्याच्या यादीत नव्या ओळीचं चिन्ह राहून गेलं होतं. तेवढ्या एका चिन्हावरून १९९६ मध्ये असंख्य सर्व्हरच्या पासवर्ड फाइल बाहेर गेल्या. यादीतून एक चिन्ह सुटलं की संपलं. म्हणून मला वाटतं, चिन्हं गाळत बसणं हा या दुखण्यावर उपाय कधीच नव्हता. उपाय एकच: शेलला मध्ये आणायचंच नाही. पर्लमध्ये सिस्टिमला एका स्ट्रिंगऐवजी यादी दिली तर ते आर्ग्युमेंट थेट एक्झेकला जात. सोय होती, पण सवय नव्हती.

तोवर एक वेगळाच प्रश्न डॉन लाइब्झ यांनी सोडवला होता. ते अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत काम करत. काही प्रोग्रॅमना माणसाशीच बोलायचं असतं. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम पाइपमधून आलेलं ऐकत नाही, तो सरळ टर्मिनल उघडून विचारतो. शिवाय सी लायब्ररीची एक सवय आड येते: समोर टर्मिनल असेल तर ती ओळ संपली की मजकूर पुढे ढकलते, पाइप असेल तर मोठा बफर (तात्पुरती साठवण) भरेपर्यंत दाबून ठेवते. त्यामुळे तुम्ही चाइल्डच्या प्रश्नाची वाट पाहताय, तिने प्रश्न विचारलाय असं तिला वाटतंय, आणि प्रश्न बफरमध्येच पडून आहे. लाइब्झ यांनी १९९० मध्ये एक्स्पेक्ट आणलं. जॉन ऑस्टरहाउट यांची टीसीएल ही छोटी भाषा त्याचा पाया, आणि त्यावर स्पॉन, एक्स्पेक्ट, सेंड हे शब्द. चाइल्डला पाइपऐवजी खोटं टर्मिनल द्यायचं, म्हणजे समोर माणूस बसलाय अशी तिची खात्री पटते. खोट्या टर्मिनलची सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून होतीच. तिचा हा उपयोग लाइब्झ यांनी सर्वांच्या हाती दिला. पायथॉनमध्ये आज पीएक्सपेक्ट हे तशाच कामाचं मॉड्यूल वापरणारा प्रत्येक जण त्यांच्याच वाटेने जातो.

पायथॉनमध्ये मात्र २००३ पर्यंत या बाबतीत सगळा पसारा होता. ओएस मॉड्यूलमध्ये सिस्टिम, पीओपन, त्याची २, ३ आणि ४ आकड्यांची भावंडं, स्पॉनने सुरू होणारी आठ फंक्शन; शिवाय पीओपन२ आणि कमांड्स ही वेगळी मॉड्यूल. कुठे शेल येतो, कुठे नाही. काही विंडोजवर चालतात, काही नाहीत. त्या नोव्हेंबरात पीटर ऑस्ट्रँड यांनी पेप ३२४ हा प्रस्ताव मांडला आणि वर्षभराने, २००४ च्या नोव्हेंबरअखेर, पायथॉन २.४ मधून सबप्रोसेस आलं.

त्यात शेल हे आर्ग्युमेंट मुळात बंद ठेवलेलं होतं. पीएचएफसारख्या प्रकरणांचं उत्तर भाषेने कुणी मुद्दाम न सांगताच द्यावं, हा केवढा मोठा बदल! पण मला त्याहून आवडते ती चूक कळवण्याची रीत. प्रोग्रॅमचं नाव चुकलं तर ते कळतं कधी? फोर्क झाल्यानंतर, चाइल्डमध्ये, एक्झेक फसल्यावर. पेरेंट तोवर पुढे निघून गेलेली असते. म्हणून सबप्रोसेस एक छोटा पाइप जास्तीचा उघडतं आणि त्यावर खूण करतं की एक्झेक यशस्वी झाला तर हा आपोआप बंद व्हावा. पेरेंट त्या पाइपवर कान लावून बसते. काही न ऐकता पाइप बंद झाला, तर बाळंतपण सुखरूप पार पडलं. काही शब्द आले, तर ती चूक पेरेंटमध्ये एक्सेप्शन बनून उभी राहते. फाइल सापडली नाही हा साधा संदेश आपल्या स्क्रीनवर दिसतो, त्यामागे ही एवढी काळजी आहे.

अडकण्याचा रोग मात्र जुना आणि हट्टी. पाइपची साठवण मर्यादित असते, लिनक्सवर २.६.११ पासून ती साधारणपणे ६४ किलोबाइट आहे, त्याआधी ४ होती. माझी स्वतःची अशी एक स्क्रिप्ट अडकली होती, व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रोग्रॅमवर. लहान फाइल व्यवस्थित जात, मोठी फाइल दिली की रात्रभर सगळं ठप्प. तो प्रोग्रॅम कामाची प्रगती एररच्या प्रवाहावर लिहीत होता आणि मी फक्त आउटपुटचा प्रवाह वाचत होतो. एररचा पाइप भरला, प्रोग्रॅम पाइपमध्ये जागा रिकामी होण्याची वाट पाहत थांबला, आणि मी त्याच्या आउटपुटची. दोघंही आपापल्या जागी बरोबर! कम्युनिकेट हे फंक्शन दोन्ही प्रवाह एकदम वाचतं ते याचसाठी. त्याचं महत्त्व मला त्या सकाळी कळलं.

आता वारशाची ती किंमत. उघड्या फाइल चाइल्डला आपसूक मिळतात, आणि नेटवर्कचा सॉकेटही फाइलच असतो. सर्व्हरने एखादी छोटी मदतनीस प्रोसेस सुरू केली आणि मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तर पोर्ट वापरात आहे अशी तक्रार येते, कारण पोर्ट अजून त्या मदतनिसाच्या हातात असतो. २०११ च्या पायथॉन ३.२ ने युनिक्सवर क्लोज-एफडीज हे उघड्या फाइल बंद करणारं आर्ग्युमेंट मुळातच चालू केलं. पुढे पेप ४४६ मुळे ३.४ पासून पायथॉनने उघडलेली फाइल मागितल्याशिवाय वारशात जातच नाही. ३.२ मध्येच ग्रेगरी स्मिथ यांनी फोर्क आणि एक्झेकच्या मधला भाग पायथॉनमधून काढून सीमध्ये लिहिला. तेवढ्याशा फटीतही धोका होता: प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतील तर फोर्क फक्त एकाचीच प्रत काढतो, पण बाकीच्यांनी लावलेली कुलुपं प्रतीत लागलेलीच राहतात. ती उघडणारं कुणी उरत नाही.

३.३ मध्ये टाइमआउट आला, २०१५ च्या ३.५ मध्ये थॉमस क्लायव्हर यांचं रन.

विंडोजची वंशावळ वेगळी. तिथे फोर्क नाही. प्रोसेस सुरू करणाऱ्या क्रिएटप्रोसेसला आर्ग्युमेंटची यादी चालत नाही, एकच सलग ओळ द्यावी लागते आणि ती कशी तोडायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. पायथॉन यादी जोडून ओळ बनवतं ती मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीच्या नियमाने. बॅच फाइल मात्र सीएमडी या विंडोजच्या शेलकडे जाते आणि त्याचे नियम निराळे. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट, पीएचपी आणि नोड.जेएस यांना याच भेगेसाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. शेल नको म्हणून सांगितलं होतं, तरी तो मागच्या दाराने आलाच होता.

फोर्कवरच आता खटला चालू आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बॉस्टन विद्यापीठ आणि ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी लिहिलं की पीडीपी-७ च्या काळातली ही युक्ती आजच्या थ्रेडनी भरलेल्या, अवाढव्य मेमरीच्या प्रोग्रॅमना झेपत नाही. पायथॉनने वाट बदलायला सुरुवात केली होतीच: ३.८ मध्ये काही प्रसंगी पॉसिक्स-स्पॉन (फोर्क आणि एक्झेकचं काम एका हाकेत करणारं फंक्शन), ३.१० मध्ये लिनक्सवर शक्य तिथे व्हीफोर्क. व्हीफोर्क हे १९७९ च्या बर्कली युनिक्समधलं, प्रत न काढता पेरेंटला थोडा वेळ थांबवून ठेवणारं साधन. कित्येक वर्षं ते धोकादायक म्हणून बाजूला ठेवलं होतं.

नियंत्रणाची बाजू अजूनही अपुरी आहे. संपलेली प्रोसेस पेरेंटने वेट करून तिचा निकाल घेईपर्यंत झॉम्बी म्हणून यादीत राहते. निकाल घेतला की तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि जुन्या क्रमांकावर पाठवलेला किल सिग्नल भलत्याच प्रोसेसवर जाऊन पडू शकतो. लिनक्स ५.३ पासून प्रोसेसला फाइलसारखी मूठ धरता येते, पायथॉन ३.९ मध्ये ती पोहोचली. पण शेलमार्फत काही चालवलं आणि टाइमआउट झाला, तर रन मारतं ते शेलला. शेलने सुरू केलेली नातवंडं जिवंत राहतात, पाइपचं दुसरं टोक हातात धरून, आणि रन त्यांच्यासाठी वाट पाहत बसू शकतं. नवीन सेशन देऊन सगळ्या गटाला सिग्नल पाठवणं हा आजचा इलाज. पण एखाद्या नातवंडाने स्वतःच नवं सेशन काढलं की तो गटही सुटतो. सीग्रुपमधल्या (लिनक्सने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटातल्या) सगळ्या प्रोसेस एकदम संपवणारी किल फाइल लिनक्स ५.१४ मध्ये आली. पीओपनच्या त्या लांबलचक यादीत तिच्यासाठी आर्ग्युमेंट अजून नाही.