आर्माडिलोचा अमेरिकेतला प्रसार आणि शिकाऱ्यांचं मत

नऊपट्टी आर्माडिलो हा मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला कवचधारी सस्तन प्राणी. गेल्या साधारण पावणेदोनशे वर्षांत तो मेक्सिकोतून रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्सासमध्ये शिरला आणि तिथून पूर्वेला फ्लोरिडा-कॅरोलायनापर्यंत, उत्तरेला मिझुरी, इलिनॉय, नेब्रास्कापर्यंत पोचला. आर्माडिलो म्हणजे स्पॅनिशमध्ये 'छोटा चिलखतवाला'. मेक्सिकोतले नाहुआ लोक त्याला 'कासव-ससा' म्हणायचे आणि ते जास्त नेमकं वाटतं, कारण पाठ कासवाची पण कान आणि उडी सशाची. आपल्याकडच्या खवले मांजराशी त्याचं नातं नाही, खवले मांजराचे खवले केराटिनचे म्हणजे नखाच्या जातीचे असतात आणि आर्माडिलोचं कवच खऱ्या हाडाच्या तुकड्यांचं, वर फक्त केराटिनचा पापुद्रा. हा अंगाचं वेटोळं करून चेंडूही होत नाही, ते तीनपट्टी जातीला जमतं. शास्त्रीय नाव इतकी वर्षं डॅसिपस नोव्हेमसिंक्टस असंच चालत आलं, पण २०२४ च्या जनुकीय अभ्यासात या एका नावाखाली चार वेगळ्या जाती निघाल्या आणि त्या हिशोबानं अमेरिकेत पसरलेली जात डॅसिपस मेक्सिकानस ठरते. पुढच्या मजकुरात 'नऊपट्टी' हेच जुनं नाव ठेवलं आहे.

तो अमेरिकेत पहिल्यांदा कधी आला याची तारीख बहुतेक ठिकाणी १८४९ दिलेली दिसते, ती सावधपणे घ्यावी. ऑड्युबन आणि बॅकमन या निसर्गअभ्यासकांच्या १८५४ च्या सस्तन प्राण्यांच्या ग्रंथात तो टेक्सासच्या दक्षिण टोकाचा म्हणून येतो, म्हणजे तोवर तो तिथे होता एवढं नक्की, पण आधी किती वर्षं होता हे त्यावरून निघत नाही, कारण त्या भागात नोंद ठेवणारी माणसंच नुकती यायला लागली होती. १९०५ मध्ये व्हर्नन बेली यांनी टेक्सासचा जैविक सर्व्हे छापला तोवर तो दक्षिण टेक्सासातून बराच आत आलेला होता. पुढे १९२० च्या दशकात लुइझियाना, १९३० च्या दशकात ओक्लाहोमा, असा क्रम ढोबळमानानं लागतो. स्टीफन हम्फ्री यांनी १९७४ मध्ये हे सगळं एकत्र करून वेग काढला तो वर्षाला ४ ते १० किलोमीटर, आणि हा आकडा अजूनही वापरतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी की यातल्या बऱ्याच नोंदी रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या आणि शिकाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत, त्यामुळे नकाशावरची रेघ प्राणी कुठे पोचला हे दाखवते तसंच रस्ता आणि माणूस कुठे पोचला हेही दाखवते.

खरा वाद कारणांचा आहे. नदी हा अडथळा होता असं पूर्वी धरून चालायचे, पण आर्माडिलो सहा मिनिटांपर्यंत श्वास रोखून ओढ्याच्या तळावरून चालत जातो, आणि पात्र मोठं असलं तर हवा गिळून पोट-आतडी फुगवतो आणि तरंगत पलीकडे जातो. म्हणजे नदी त्याआधीही ओलांडता आलीच असती, मग एकोणिसाव्या शतकातच का? एक मत असं की मूळनिवासी लोक त्याला खायचे आणि गवताळ रान नियमित पेटवायचे, ते लोक हुसकावले गेले आणि वणवे थांबले तशी वाट मोकळी झाली. दुसरं मत गुरांच्या अति चराईचं, गवत संपून झुडपी रान वाढलं आणि ते याला मानवलं. तिसरं, गोठेवाल्यांनी पुमा-लांडगे मारून टाकले. आणि चौथं म्हणजे माणसानंच वाहून नेलं, कधी गुरांच्या रेल्वे-डब्यातून नकळत, कधी गंमत म्हणून पिशवीत घालून. अलीकडे हवामान बदल हे एकच उत्तर सगळीकडे चिकटवलं जातं. ते उत्तरेच्या टोकाला लागू पडेल, पण टेक्सास ते मिसिसिपी हा पहिला मोठा टप्पा त्यानं समजत नाही, तिथे झुडपी रान आणि माणसाची वाहतूक ही दोन कारणं जास्त वजनाची वाटतात.

आणखी एक मुद्दा या वादात विसरला जातो. हिमयुगाच्या शेवटापर्यंत उत्तर अमेरिकेत डॅसिपस बेलस नावाचा, याच्या जवळपास दुप्पट आकाराचा आर्माडिलो होता आणि त्याची हाडं पार आयोवा-इंडियानापर्यंत सापडलीत. काहींनी तो आणि आजचा नऊपट्टी एकच जात धरली, बहुतेक जण वेगळी धरतात आणि तेच बरोबर वाटतं. काहीही असलं तरी हे रान या कुळाला नवं नाही.

फ्लोरिडाची गोष्ट वेगळी. तिथे तो चालत आलाच नाही, आणला गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हायलीया इथे टेक्सासच्या एका मरीन सैनिकानं जोडी सोडली असं सांगतात, १९२४ मध्ये कोको गावच्या खासगी प्राणिसंग्रहालयातून काही निसटले, आणि १९३६ च्या सुमारास टायटसव्हिलजवळ सर्कसच्या ट्रकमधून आणखी. पश्चिमेचे आणि हे फ्लोरिडाचे १९७० च्या दशकात एकमेकांना येऊन मिळाले. दोन-चार प्राण्यांवर एवढं कसं वाढलं, तर याची मादी एकाच बीजापासून चार पिल्लं देते, चारही अगदी एकसारखी आणि एकाच लिंगाची. शिवाय गर्भ कित्येक महिने पोटात न रुजता थांबतो, पकडून एकटी ठेवलेली मादी वर्ष-दोन वर्षांनी व्यायल्याच्याही नोंदी आहेत. पण एका वेतातून नुसते नर किंवा नुसत्या माद्याच मिळतात, म्हणजे एकटी गाभण मादी वस्ती बसवू शकते हे लोकप्रिय विधान अर्धंच खरं, पिल्लं माद्या निघाल्या तर बाहेरचा जोडीदार लागतोच.

थंडी त्याला सोसत नाही. अंगावर केस जेमतेम, चरबी थोडी, शरीराचं तापमान बाकीच्या सस्तन प्राण्यांपेक्षा कमी, आणि तो हिवाळी झोपही घेत नाही. जमीन गोठली की किडे मिळत नाहीत आणि काही दिवसांत तो मरतो. हम्फ्रींनी मर्यादा मांडली ती जानेवारीचं सरासरी तापमान उणे २ अंश सेल्सिअस आणि वर्षाला किमान ३८० मिलिमीटर पाऊस. टॉलमन आणि रॉबिन्स यांनी १९९६ मध्ये दाखवलं की तो ही रेघ ओलांडून गेला आहे. कडक हिवाळा आला की उत्तरेचे मरतात, मग नदीकाठानं परत नवे येतात.

शिकाऱ्यांचं मत एक नाही आणि काळाप्रमाणे बदललं आहे. टेक्सासात १९३० च्या मंदीत गरीब घरांत तो सर्रास खाल्ला जायचा आणि राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यावर राग काढत त्याला 'हूवरचं डुक्कर' म्हणायचे, मांस डुकरासारखं लागतं म्हणून. कम्फर्ट गावाजवळ चार्ल्स अपेल्ट यांच्या फार्मवर १८९८ पासून कवचाच्या टोपल्या बनायच्या. शेपूट वर वळवून तोंडाशी बांधायची की मूठ तयार, आत कापडाचं अस्तर. तो धंदा १९७१ पर्यंत चालला आणि त्याला माल शिकाऱ्यांकडूनच यायचा.

नंतर मुख्य तक्रार आली ती बॉबव्हाइट लाव्याच्या शिकाऱ्यांकडून, की हा अंडी खातो. १९४३ मध्ये काल्मबाख यांनी टेक्सासमधल्या आर्माडिलोंची पोटं तपासली, त्यात बहुतेक किडेच निघाले, भुंगेरे, हुमणी, मुंग्या, आणि अंड्याची टरफलं अगदी मोजक्या पोटांत. त्यावरून पुढची पन्नास वर्षं शिकाऱ्यांचं म्हणणं गैरसमजात जमा झालं. पण अंड्याचा बलक पोटात लगेच विरतो, टरफल तो बाहेरच टाकू शकतो, म्हणजे पोट तपासून हा प्रश्न सुटणारा नव्हताच. २००० च्या आसपास जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवर घरट्यांशी छोटे व्हिडिओ कॅमेरे लावले तेव्हा रॅकून आणि सापांच्या बरोबरीनं आर्माडिलोही घरटं लुटताना स्पष्ट दिसला. फ्लोरिडाच्या होब साउंड किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी उकरतानाही तो सापडला आहे. रानात पहाटे बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर इतका वेळ अविश्वास दाखवायला नको होता. अर्थात त्यामुळे लाव्यांची संख्या घटली असं लगेच म्हणता येत नाही, अधिवास आटणं हे मोठं कारण तिथे आहेच.

हरणाच्या शिकाऱ्याची तक्रार निराळी, आवाजाची. तो झाडावरच्या मचाणावर अंधार असल्यापासून न हलता बसलेला असतो, आणि मागे वाळक्या पाचोळ्यात खसखस सुरू होते, थांबते, परत सुरू होते, अगदी नर हरीण जपून येतंय असं वाटावं. पाच मिनिटं छाती धडधडते आणि शेवटी झुडपातून नाक जमिनीत खुपसून येतो तो चार-पाच किलोचा आर्माडिलो. त्याची नजर अधू, वास तेवढा तीव्र, माणूस समोर असला तरी वारा उलटा असेल तर तो पायाशी येऊन उकरत राहतो. मागे राहतात नाकाच्या मापाचे शंकूसारखे खड्डे. काही जण तिथेच गोळी घालतात, पण जुने शिकारी घालत नाहीत कारण गोळीच्या आवाजानं त्या सकाळची शिकार संपते. कवचावरून गोळी परतण्याचा धोकाही खरा आहे, २०१५ मध्ये जॉर्जिया आणि टेक्सासमध्ये अशा गोळीनं माणसं जखमी झाली.

गोठेवाल्यांना त्याची बिळं नकोत, घोड्याचा पाय अडकतो म्हणून.

कुष्ठरोगाचा विषय आला की भीती आणि माहिती यांची गल्लत होते. १९७१ मध्ये कर्कहाइमर आणि स्टॉर्स यांनी प्रयोगशाळेत आर्माडिलोला कुष्ठरोगाचे जंतू देऊन तो होतो हे दाखवलं, १९७५ मध्ये लुइझियानातल्या रानातल्या आर्माडिलोतही तो सापडला. २०११ च्या अभ्यासात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या रुग्णांमध्ये आणि आर्माडिलोंमध्ये एकाच वाणाचा जंतू निघाला. आर्माडिलोत सापडणारा हा जंतू युरोपीय येण्याआधी त्या खंडात नव्हता असं मानतात, म्हणजे माणसानंच तो त्याला दिला. बहुतेक माणसांना उपजत प्रतिकार असतो, तरी सोलताना हातमोजे घालावेत आणि मांस पूर्ण शिजवावं. भारताशी याचा थेट धागा आहे. २००१ मध्ये ज्या कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकक्रम लावला तो तमिळनाडूतल्या रुग्णाचा होता आणि वाढवला होता आर्माडिलोत, कारण हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढतच नाही. दक्षिण भारतातल्या कुष्ठरोगाच्या लसचाचणीतही आर्माडिलोतून मिळवलेले मृत जंतू वापरले गेले, त्याच चाचणीत मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रातली आयसीआरसी लसही होती.

कायदा राज्यागणिक बदलतो. टेक्सासनं १९९५ मध्ये त्याला राज्याचा छोटा सस्तन प्राणी म्हणून मान दिला, जिवंत आर्माडिलो विकायला तिथे बंदी आहे. नॉर्थ कॅरोलायनात २००७ मध्ये मेकन काउंटीत पहिली खात्रीची नोंद झाली, तिथे वर्षभर शिकारीला परवानगी आहे आणि राज्याचं वन्यजीव खातं लोकांकडून फोटो, तारीख आणि जागा मागवतं.