घर गेलं, आता पुन्हा घर घ्यायचंय: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हप्ते थकले आणि बँकेने घर लिलावात काढलं, किंवा लिलावाच्या भीतीने पडत्या भावात विकून टाकावं लागलं, आणि घरात वर्षानुवर्षं घातलेले पैसे गेले, अशा लोकांसाठी हे पत्रक आहे. आमचं गृहकर्ज सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे, मुंबईतच, आणि असे लोक आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, परत लोन कधी मिळेल. आम्ही त्यावर आधी दुसरंच विचारतो, जुनं लोन खरंच संपलंय का आणि तसं लेखी काही हातात आहे का? कारण चावी दिली, घर विकलं गेलं म्हणजे कर्ज मिटलं असं खूप जणांना वाटतं आणि ते तसं नसतं. पुन्हा घर होतं, आम्ही होताना बघितलंय, पण त्याची सुरुवात नवीन फ्लॅट बघण्यापासून होत नाही, जुना हिशोब मिटवण्यापासून होते.

पैसे गेले कुठे

एक उदाहरण धरू. मुंबईत ७५ लाखांचा वन आरके घेतला, लोन ६० लाख, १५ लाख स्वतःचे. वर स्टॅम्प ड्युटी ६ टक्के म्हणजे साडेचार लाख आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार, म्हणजे खिशातून गेले १९ लाख ८० हजार. साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता साधारण ५२ हजार. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात साडेबेचाळीस हजार व्याज असतं, मुद्दलात जातात फक्त साडेनऊ हजार. ३ वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तरी भरलेले पावणेएकोणीस लाख आणि कर्ज उतरलं जेमतेम ३ लाख ९० हजारांनी, बाकी अजून ५६ लाखांवर. एवढे पैसे भरले ते गेले कुठे असं लोक विचारतात, अगदी रडवेले होऊन विचारतात, तर सुरुवातीच्या वर्षांत ते बहुतेक व्याजातच जातात. यात कोणी फसवलेलं नसतं, हिशोबच तसा असतो, पण तो घर घेताना कोणी समजावून सांगत नाही.

आता नोकरी गेली आणि हप्ते थांबले. चौथ्या महिन्यात स्वतः गिऱ्हाईक शोधून ७२ लाखांना विकलं तर बँकेचे साधारण ५८ लाख आणि दलाली जाऊन हातात १३ लाख उरतात. तेच दीड वर्ष ओढत नेलं तर नुसतं व्याज साडेसात लाखांच्या वर चढतं, त्यात दंड, वकिलाचा खर्च, जप्तीचा खर्च, पेपरातल्या जाहिरातीचा खर्च, बाकी जाते ६५ लाखांच्या आसपास, आणि लिलावात भाव बाजारापेक्षा कमीच येतो. ६६ लाख आले तर तुमच्या हातात एक लाख. घर तेच, माणूस तोच, फरक १२ लाखांचा, आणि तो फक्त उशिराचा.

लिलाव अजून झाला नसेल तर हे आधी वाचा

९० दिवसांच्या वर थकबाकी गेली की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते बुडीत धरते. मग सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण घर विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. ती नोटीस पोस्टमनकडून घ्यायचीच नाही असं काही लोक करतात, कृपया करू नका, त्याने काहीच थांबत नाही. उलट ती घ्या, वाचा, त्यात मागितलेली रक्कम चुकीची वाटत असेल तर त्याच मुदतीत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटीस आल्यावर घर विकायचं असेल तर बँकेची लेखी परवानगी लागते, ती मागा, बँकांनाही लिलावाची कटकट नको असते. ताबा घेण्याची कारवाई झाली की डीआरटीकडे (कर्जवसुलीच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण) दाद मागायला ४५ दिवस मिळतात. आणि सगळे पैसे भरून घर सोडवायचा हक्क २०१६ च्या बदलानंतर लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच आहे, शेवटच्या दिवशी पैसे उभे करू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, तोपर्यंत वेळ गेलेली असते.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, नातेवाईकांना, ऑफिसातल्या लोकांना गाठून बदनामी करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. झालंच तर बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

लिलाव होऊन गेला असेल तर

बँकेकडे लेखी हिशोब मागा. घर किती रुपयांना गेलं, त्यातून कर्ज किती, व्याज किती, खर्च किती कापला, एकेक ओळ. कर्ज आणि खर्च वळता करून काही उरलं तर ते तुमचं आहे, कायद्यात तसं स्पष्ट आहे, पण मनस्तापाने बरेच लोक त्या शाखेत परत पायच ठेवत नाहीत आणि पैसे मागायचे राहून जातात. उलट कमी पडले असतील तर उरलेल्या रकमेसाठी बँक मागे लागू शकते, २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर डीआरटीत, कमी असेल तर दिवाणी कोर्टात. ही बाकी अंगावर ठेवून नवीन घराची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही. तिच्याबद्दल बँकेशी बसून तडजोड करता येते, पण तडजोडीचं पत्र आधी लेखी घ्या, पैसे त्यानंतर भरा, तोंडी कबुलीवर एक रुपया देऊ नका.

एक गोष्ट लोकांना अजिबात माहीत नसते. लिलावातली विक्री पण इन्कम टॅक्सच्या दृष्टीने विक्रीच असते. घर फार पूर्वी स्वस्तात घेतलेलं असेल तर सगळे पैसे बँकेने नेले तरी कॅपिटल गेन (विक्रीतला करपात्र नफा) तुमच्या नावावर लागू शकतो, त्यामुळे त्या वर्षीचं रिटर्न सीएला दाखवूनच भरा. आणि तोट्यात गेलं असेल तर रिटर्न वेळेत भरा, घर २४ महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर तो लाँग टर्म तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो, तशाच लाँग टर्म नफ्यातून वजा करायला. उशिरा भरलं तर हा हक्क जातो.

सिबिल

सिबिल म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण बँकेचा माणूस नुसता आकडा बघत नाही, खाली स्क्रोल करतो. तिथे प्रत्येक कर्जाखाली महिन्यावार छोटे चौकोन असतात, मागचे ३६ महिने, प्रत्येकात त्या महिन्यात किती दिवस उशीर झाला तो आकडा. ०००, ०००, मग ०३०, ०६०, ०९०, तुमचं सगळं वाईट वर्ष तिथे ओळीने लिहिलेलं असतं. आणि वर खात्याचं स्टेटस, क्लोज्ड (पूर्ण फिटलेलं), सेटल्ड किंवा रिटन ऑफ (बँकेने बुडीत म्हणून सोडलेलं). सेटल्ड म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली, नवीन बँकेला ते आवडत नाही. शिवाय तडजोड केली की त्या बँकेकडून नवीन कर्जासाठी किमान १२ महिने थांबावं लागतं. ऐपत आली की सोडलेली रक्कम भरून ते खातं क्लोज्ड करून घेता येतं का हे बँकेला जरूर विचारा, आणि झालं की नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या.

देशात चार कंपन्या असे रिपोर्ट ठेवतात, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच असते. पूर्ण पैसे भरूनही खातं सेटल्डच दिसतंय हा प्रकार आम्हाला नवीन नाही. तक्रार केली की ३० दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून लागू आहे.

इथे एक कळकळीची विनंती. सिबिल साफ करून देतो, १५ दिवसांत स्कोअर ७५० करतो असं सांगणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही, चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. आम्ही हे काम विकत नाही आणि जो विकतो त्याच्यापासून लांब राहा. स्कोअर सुधारतो तो नवीन चांगल्या नोंदी साठल्यावरच. एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा, दर महिन्याला पूर्ण बिल भरा. आणि चार बँकांत, अ‍ॅपवर एकाच वेळी अर्ज टाकत बसू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये उमटते.

जुन्या लोनला बायको सहकर्जदार असेल किंवा भाऊ, मित्र जामीन असेल तर त्यांच्याही रिपोर्टवर हे सगळं आलेलं असतं. त्यांना सांगा. खूप घरांत यावरून बोलणं बंद झालेलं आम्ही बघितलंय.

भाड्याची वर्षं

भाड्याने राहणं म्हणजे पैसे वाया हे आपल्याकडे इतकं डोक्यात बसलंय की लोक घर गेल्यावर सहा महिन्यांत पुन्हा काहीतरी बुक करायला निघतात, नातेवाईक काय म्हणतील म्हणून. आमचं स्पष्ट मत आहे, ही वर्षं वाया नाहीत. ५२ हजारांचा हप्ता झेपला नाही तिथे २० हजार भाडं देऊन २५ हजार बाजूला टाकता आले तर वर्षाला ३ लाख जमतात. भाडं रोख देऊ नका, बँकेतून द्या, म्हणजे दर महिन्याला वेळेवर मोठी रक्कम भरायची सवय स्टेटमेंटवर दिसते. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे.

हेवी डिपॉझिटपासून मात्र सांभाळा. घर विकून उरलेले दहा लाख घरमालकाला देऊन टाकायचे आणि भाडं नाममात्र, ऐकायला छान वाटतं. पण त्याच्याच घरावर कर्ज असेल आणि त्याचे हप्ते थकले तर तुमचे दहा लाख अडकतात, परत एकदा. तो पैसा तुमचं पुढचं डाउन पेमेंट आहे, एफडीत ठेवा. भिशीत, ओळखीच्याच्या धंद्यात, शेअरच्या टिपांवर पण नको.

पुन्हा घर

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्याच्या वर ७५ टक्के इतकंच कर्ज देता येतं. ही वरची मर्यादा आहे, तुमचा हक्क नाही, आणि मागे खातं बुडालेलं असेल तर बँक त्याहून कमीच देईल असं धरून चाला. आम्ही तर म्हणतो दुसऱ्या वेळी ३० टक्के स्वतःचे घाला. डोंबिवली, विरारकडे ५० लाखांचं घर धरलं तर १५ लाख, स्टॅम्प ड्युटी ७ टक्क्यांनी साडेतीन लाख, रजिस्ट्रेशन, दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी, सगळं मिळून २० लाखांच्या घरात. ३५ लाखांच्या लोनचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ३० हजारांच्या थोडा वर. वर्षाला ३ लाख साठवून, ज्यांनी वेळेत विकून १३ लाख वाचवले ते अडीच वर्षांत तिथे पोचतात, ज्यांच्या हातात एक लाख राहिला त्यांना सहाच्या वर लागतात. म्हणून वर लिलावाच्या आधीचं इतकं लिहिलं.

याशिवाय सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या एफडीत हवेत, आणि हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ३५ टक्क्यांच्या वर नको, बँक ५० टक्क्यांपर्यंत तयार असली तरी. बायको जुन्या लोनमध्ये नसेल, स्वतः कमावत असेल आणि तिचा रिपोर्ट स्वच्छ असेल तर घर तिच्या एकटीच्या नावावर घेण्याचा विचार करा, स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूटही मिळते.

बांधकाम चालू असलेलं घर दुसऱ्या वेळी शक्यतो टाळा, भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम चालू राहतं. घ्यायचंच तर महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेलीय ते बघा, आणि करार रजिस्टर झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायचा बिल्डरला अधिकार नाही हे लक्षात ठेवा. जुनं घर असेल तर ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), आधीचे सगळे करार, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या कराराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, हे सगळं बघा. म्हाडाच्या लॉटरीवरही लक्ष ठेवा, अटी दर जाहिरातीत नीट वाचून, आणि म्हाडात ओळख आहे म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

आमच्याकडे येताना

चारही क्रेडिट रिपोर्ट, जुन्या लोनचं स्टेटमेंट, बँकेकडून आलेल्या सगळ्या नोटिसा (न उघडलेली पाकिटंसुद्धा, तशीच आणा, आपण एकत्र उघडू), लिलावाचा हिशोब मिळाला असेल तर तो, एक वर्षाचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची रिटर्न्स आणि भाडेकरार. पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. शक्य असेल तर नवरा-बायको दोघं या, कारण महिन्याला किती बाजूला टाकता येतील हा आकडा एकट्याने सांगितला की तो दोन महिन्यांत बदलतो. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी आलात तर निवांत बसून कागद बघता येतील.