कोऱ्या युकुलेलेवर चित्र रंगवताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या हातातलं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, प्लायचं आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे उभे-आडवे एकमेकांवर चिकटवून त्याची तबली (भोक असलेली पुढची फळी), पाठ आणि कडा केल्या आहेत. अखंड लाकडाच्या वाद्याचा आवाज जसा वर्षांगणिक खुलत जातो, तसा याचा खुलणार नाही. ते आधीच सांगून ठेवतो. पण हे वाद्य हवेतला ओलावा बऱ्यापैकी सोसतं आणि त्याला पॉलिश पेपर लावताना हात थरथरत नाही. रंगकामाला म्हणूनच आम्ही हे देतो. अखंड तबलीचं महागडं वाद्य कुणी रंगवायला आणलं, तर आम्ही तसंच परत पाठवतो.

ही हौस नवी नाही. १८७९ मध्ये मदेरा या पोर्तुगीज बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला उतरलेल्या पोर्तुगीज सुतारांनी आपल्या छोट्या तंतुवाद्यावरून युकुलेले घडवलं, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर ते अमेरिकाभर पसरलं, आणि १९२० ते ४० च्या दरम्यान तिथल्या कारखान्यांनी स्वस्त युकुलेलेंवर स्टेन्सिलने ताडाची झाडं नि चंद्र छापून ती ढिगांनी विकली. रंगवायला स्वस्तातलं वाद्य घ्यायचं, हे तेव्हापासूनच ठरलेलं आहे.

आधी वाजवून बघा

ब्रश शोधायच्या आधी चारही तारा जी, सी, ई, ए या स्वरांत लावा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून एकेक स्वर वाजवा. कुठे तार खरखरते का, कुठे स्वर मेल्यासारखा निघतो का, ते ऐका. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार यांत बरोबर एका सप्तकाचं अंतर हवं. काही खोट निघाली तर वाद्य आहे तसं आमच्याकडे आणा, आम्ही बदलून देऊ. एकदा रंगाचा हात लागला की बदलून देता येणार नाही. पडदा वर आलेला असेल तर त्यावर कितीही सुंदर मोर काढला तरी तो पडदा खरखरतच राहणार.

मग मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. ए तारेचा तिसरा पडदा दाबला आणि बाकी तिन्ही तारा मोकळ्या सोडल्या की सी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा मेळ, होते. ती एकदा वाजवून आवाज पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. शेवटी याचा उपयोग आहे.

चित्र कुठे काढायचं

तार छेडली की तिची थरथर घोडीतून, म्हणजे तारांचं खालचं टोक बांधलेल्या लाकडी तुकड्यातून, तबलीत उतरते, आणि आपण ऐकतो तो आवाज मुख्यतः तबलीचा असतो. या वाद्याची तबली जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. ॲक्रिलिक रंग वाळला की त्याचं प्लास्टिकसारखं लवचीक कातडं होतं. असं जाड कातडं तबलीवर चढवलं की आवाज लहान होण्याआधी आखूड होतो: जो स्वर घुमत राहायचा, तो ‘टक’ करून बसतो. प्लायची तबली मुळातच थोडी घट्ट असते, त्यात ही भर नको.

म्हणून आमचा हिशेब असा. घोडीच्या भोवतालचा, म्हणजे खालच्या रुंद पोटाचा भाग शक्यतो कोरा ठेवा. तिथे काही हवंच असेल तर नुसत्या रेघा काढा. तबलीचा वरचा भाग, भोकाभोवतीचं कडं आणि काठाची किनार पातळ रंगात रंगवा. पाठ, कडा आणि खुंट्यांचं डोकं मात्र हवं तसं भरा. वाजवताना पाठ तुमच्या पोटाला टेकलेलीच असते, तिथे दोन थर जास्त बसले तर फारसं बिघडत नाही. ‘पाठीवरचं चित्र बघणार कोण?’ असं बहुतेक जण विचारतात. वाद्य भिंतीला टांगायचं असेल तर उलटं टांगा.

दांडीवरची पडद्यांची पट्टी, पडदे, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी आणि घोडी यांना रंग लावू नका. दांडीची पाठही तशीच सोडा. अंगठा तिथून सरकत असतो. घाम सुटला की रंगवलेली दांडी अंगठ्याला धरून ठेवते.

चित्र ठरवताना दोन गोष्टी कागदावर लक्षात येत नाहीत. पहिली, तबलीच्या मधोमध चार तारा जातात. तिथे चेहरा काढला तर तो गजाआड बसल्यासारखा दिसतो. दुसरी, टांगलेलं युकुलेले उभं असतं, वाजवताना आडवं होतं. उजव्या हाताने वाजवणाऱ्याची दांडी समोरच्याला उजवीकडे दिसते, म्हणजे उभा काढलेला माणूस प्रेक्षकांसमोर आडवा झोपणार. वेली, पानं, लाटा, मासे, भौमितिक नक्षी यांना ही अडचण येत नाही. भोकाचा सूर्य किंवा डोळा करायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. छान दिसते, पण ती आम्ही इतक्यांदा पाहिली आहे की तुम्ही दुसरं काही केलंत तर आम्हाला आनंद होईल.

सुटं करणं

तारा सैल करून काढा. काढण्याआधी घोडीजवळच्या गाठीचा जवळून फोटो घ्या. गाठ कशी मारली होती हे परत बसवताना कुणालाच आठवत नाही. खुंट्यांचे मागचे स्क्रू फार बारीक असतात, एका डबीत टाका. स्क्रू-ड्रायव्हर नीट बसणाराच वापरा, नाहीतर स्क्रूच्या खाचा झिजून तो जागेवर फिरत राहतो. घोडी चिकटवलेली आहे, ती उचकटू नका. तिच्याभोवती मास्किंग टेप लावा, आणि भोकातून रंग आत जाऊ नये म्हणून आतून फडक्याचा बोळा कोंबा.

घासणं

रंगाचे पोपडे निघाले असं सांगत जी वाद्यं परत येतात, त्यांतल्या बहुतेकांना नीट घासलेलंच नसतं. वाद्यावर कारखान्यातलं चकचकीत वॉर्निश आहे आणि त्यावर रंग धरत नाही. ३२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, रबराच्या तुकड्याला गुंडाळा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासा. शेवटी ४०० नंबर फिरवा. सगळं वॉर्निश काढायचं नाही, फक्त चमक मारायची आहे.

हे काम कानाने आणि डोळ्याने कळतं. सुरुवातीला कागद काचेवर घसरल्यासारखा चिरचिरतो, मग आवाज मऊ, एकसारखा होतो. पडणारी भुकटी पांढरी आहे तोवर तुम्ही वॉर्निशमध्ये आहात. ती तपकिरी दिसू लागली की तिथेच थांबा, खाली लाकूड लागलं. वरचा पापुद्रा इतका पातळ असतो की आणखी चार हात मारले तर खालचा थर डोकावतो. कडांच्या कोपऱ्यांवर हे सर्वांत आधी होतं, तिथे कागद फक्त टेकवा. मग ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या आणि त्यानंतर वाद्य कडांनीच धरा. बोटांचं तेल रंगाला चालत नाही.

लाकूड उघडं पडलंच तर तिथे पाण्याचा रंग थेट लावू नका, पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली, मेण काढलेली चपडा लाख पातळ करून एक हात द्या. ‘मेण काढलेली’ यावर आमचा जोर आहे, कारण मेण राहिलेल्या लाखेवर नंतरचं वॉर्निश नीट धरत नाही.

रंग

ॲक्रिलिक घ्या. तेलरंग हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश सुकतात आणि जाड लागले तर आठवडे घेतात. इतका धीर असलेला ग्राहक आम्हाला अजून भेटलेला नाही. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढा, कागदाच्या मागे खडू घासा आणि वरून रेघा गिरवा. पेन्सिल दाबून ओढली तर शिशाची काजळी फिक्या रंगात मिसळून तो मळका करते.

रंग दुधाइतका पातळ ठेवा. पहिल्या हातात खालचं दिसत राहील, त्याने घाबरू नका. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. ते सपाट बसतात, ब्रशच्या रेघा राहत नाहीत आणि वजनही कमी. दोन हातांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. टेप रंग कडक होण्याआधी, तिरपी ओढून काढा.

बारीक रेघांसाठी ॲक्रिलिक मार्कर चांगले. साधे पर्मनंट मार्कर मात्र टाळा. त्यांची शाई स्पिरिटची असते, वरून स्पिरिटचं किंवा थिनरचं वॉर्निश लागलं की ती पुन्हा विरघळते. एका ताईंनी तीन रविवार खपून काढलेल्या काळ्या पिसांचं पहिल्याच फवाऱ्यात राखाडी धुकं झालं होतं. त्या हसत होत्या, आम्हालाच वाईट वाटलं.

वॉर्निश

रंग पुरा एक दिवस वाळू द्या. मग पाण्यात विरघळणारं पारदर्शक वॉर्निश वापरा. तेलाचं वॉर्निश काळाबरोबर पिवळं पडतं आणि पांढऱ्या रंगावर ते लगेच दिसतं. पाठीवर तीन हात, तबलीवर दोन पुरे. जिथे वाजवणाऱ्याचं मनगट आणि नखं घासतात, म्हणजे तबलीची वरची कड आणि दांडी जिथे अंगाला मिळते ती जागा, तिथे तिसरा द्या. फवारणी करायची तर उघड्या हवेत, तोंडावर मास्क लावून. पावसाळी दमट दिवशी लाख किंवा थिनरचं वॉर्निश मारू नका, त्यात ओल अडकून पांढुरका पडदा येतो.

आता सर्वांत अवघड भाग: थांबणं. वॉर्निश दोन तासांत हाताला कोरडं लागतं, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. याबाबतीत आम्हीही शहाणे नव्हतो. आमचं पहिलं मागणीवरचं काम आम्ही चौथ्या दिवशी मखमली अस्तराच्या पेटीत घालून दिलं. ग्राहकाने पेटी उघडली तेव्हा निळ्या समुद्रावर तांबडी लव उगवलेली. ते चित्र आम्ही खरवडून पुन्हा काढलं. खुंटीच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी नख दाबून बघा. खूण उमटली तर अजून आठवडाभर टांगून ठेवा.

परत जोडताना

खुंट्यांच्या भोकांत वॉर्निश साचलेलं असेल तर कागदाची सुरळी फिरवून साफ करा. जोराने ढकललं तर भोवतीचा रंग तडकतो. तारा नव्या असतील तर नायलॉन काही दिवस ताणत राहतं. लावली की उतरते, पुन्हा लावली की पुन्हा उतरते. वाद्य बिघडलेलं नाही, दिवसातून दोन-तीनदा लावत राहा.

सूर टिकू लागला की तीच सी कॉर्ड तितक्याच अंतरावरून रेकॉर्ड करा आणि आधीच्या आवाजाशी ताडून बघा. स्वर थोडा लवकर विरला तर ते रंगाचं देणं. फारच आखूड झाला असेल तर घोडीभोवतीचा रंग ४०० नंबरने हळूहळू पातळ करता येतो. तो प्रयोग घरी न करता वाद्य आमच्याकडे घेऊन या. येताना तारा काढू नका. आधी वाजवून ऐकल्याशिवाय आम्ही त्याला हात लावत नाही.