हिंदी चित्रपटातील प्रादेशिक साचे आणि बोलींचे रूप

हिंदी बोलपटात एखाद्या प्रांताचा माणूस आडनाव, पोशाख आणि बोलण्याची ढब एवढ्यावर ओळखू यावा अशी जी ठरीव पात्रे आणि उच्चारांचे संकेत रूढ झाले, त्यांना स्थूलमानाने ‘प्रादेशिक साचे’ म्हणतात. लुंगीतला ‘मद्रासी’, गोव्याचा ख्रिस्ती, बनारसी पानवाला, मराठी हवालदार ही त्याची परिचित उदाहरणे. प्रस्तुत नोंदीत या साच्यांची भाषिक बाजू, त्यातही मराठीशी आणि पुण्याशी संबंधित भाग, मुख्यत्वे घेतला आहे.

पूर्वपीठिका : बोलीवरून पात्राची पायरी ठरवण्याचा संकेत बोलपटापेक्षा फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात (काळ अनिश्चित, सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक या दरम्यानचा मानतात) कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे विधान आहे. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलत, स्त्रिया शौरसेनी प्राकृत बोलत पण पद्य महाराष्ट्री प्राकृतात गात, खालच्या पायरीवरच्या पात्रांना मागधी प्राकृत दिली जाई. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शकार ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो आणि तेवढ्यावर प्रेक्षक त्याला ओळखतात. देवलांच्या संगीत नाटकामुळे शकार मराठी प्रेक्षकाला ठाऊक असतो. मूळ संस्कृत नाटकातला चंदनक तितका ठाऊक नसतो. हा शिपाई आहे. सहाव्या अंकात तो वसंतसेनेची म्हणून सांगितलेली गाडी तपासतो, आत लपलेला फरारी आर्यक त्याला दिसतो, आणि बोलताना त्याच्या तोंडून पुल्लिंगी ‘आर्य’ निसटतो. लगेच तो ‘आर्या’ अशी स्त्रीलिंगी दुरुस्ती करतो. सोबतच्या वीरकाला संशय येताच चंदनक म्हणतो, आम्ही दाक्षिणात्य, आमचे बोलणे अस्पष्टच असायचे. तेवढ्याने भागत नाही तेव्हा तो कर्नाटकी पद्धतीचे भांडण उकरून काढतो. दक्षिणेकडचा शिपाई, त्याची अशुद्ध भाषा आणि भांडखोर स्वभाव हा विनोदाचा सगळा ऐवज इथे तयार आहे. फरक एवढाच की चंदनक या समजुतीचा स्वतःच्या सोयीसाठी वापर करतो. हिंदी चित्रपटातल्या शिपायाला ती मुभा फारशी मिळाली नाही.

संस्कृत नाटकापासून बोलपटापर्यंत सरळ परंपरा दाखवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. ती दाखवणे कठीण आहे. मधला निकटचा दुवा पारशी रंगभूमीचा. मुंबईच्या पारशी मंडळ्यांनी १८७० च्या दशकात गुजरातीबरोबर उर्दू-हिंदुस्तानी नाटके करायला घेतली, कारण दौऱ्यावर हीच भाषा सर्वत्र चाले. मुख्य कथानक भारदस्त हिंदुस्तानीत आणि मध्ये बोलींवर चालणारे स्वतंत्र विनोदी प्रवेश, ही घडण तिथे पक्की झाली आणि बोलपटाने तीच उचलली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेल्या ‘आलम आरा’ची भाषाही या रंगभूमीच्या भाषेजवळची होती.

‘प्रभात’च्या जोड-आवृत्त्या : कोल्हापुरात १९२९ मध्ये निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिचे बरेच बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघत. नेपथ्य तेच, नटही पुष्कळदा तेच. मराठी ‘शॉट’ झाला की त्याच ठिकाणी हिंदी. या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर प्रदेश नेमका कुठे पुसला गेला ते दिसते. ‘कुंकू’ (१९३७) मधली नीरा ‘दुनिया न माने’त निर्मला झाली, शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हींकडे आहेत. गीते मात्र मराठीत शांताराम आठवले यांची, हिंदीत मुन्शी अझीझ यांची. ‘माणूस’ (१९३९) मधला गणपत हवालदार ‘आदमी’त मोती झाला, वेश्या मैना केसर झाली. पुढे हिंदी पडद्यावरच्या जवळजवळ प्रत्येक चौकीत एक गणपत किंवा पांडुरंग बसवला गेला. पण ज्या एका चित्रपटात हवालदार नायक होता, तिथे हिंदीत जाताना त्याचे मराठी नाव उतरवले गेले.

याच ‘माणूस’मधले शांता हुबळीकर यांचे ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे मराठीबरोबर अनेक भारतीय भाषांमधून फिरते. संगीत मास्टर कृष्णराव यांचे. गिऱ्हाईक ज्या प्रांताचे, त्याच्या भाषेत कडवे. यातही थट्टा आहे, पण ती गाणारीच्या हातात आहे. ‘शेजारी’ची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ (१९४१) हिच्यात मझहर खान यांनी ठाकूर आणि गजानन जागीरदार यांनी मिर्झा रंगवला. धर्माची ही अदलाबदल नेहमी सांगितली जाते. एक मराठी नट मिर्झाचे उर्दू बोलतो आहे, याकडे तितके लक्ष गेलेले नाही.

उच्चारांचा प्रश्न : मराठी माणसाचे उर्दू हा त्या काळी टिंगलीचा विषय होता. लता मंगेशकर यांनी मुलाखतींतून सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे : लोकलच्या प्रवासात अनिल विश्वास यांनी ओळख करून दिली तेव्हा दिलीपकुमार म्हणाले की मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. त्यानंतर लताबाईंनी मौलवी ठेवून उर्दूचे धडे घेतले. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचना, पुढे रीमा यांनी हिंदी पडद्यावरची आई साकारली; ती आई क्वचितच मराठी होती. म्हणजे मराठी कलावंताकडून मराठीपण झाकण्याची अपेक्षा होती आणि मराठी पात्राकडून ते ठळक करण्याची. हे ठळक करण्याचे काम बहुधा अमराठी नटांकडे जाई.

‘च’चा वाद : पडद्यावरच्या मुंबईकराला ओळखण्याची खूण म्हणजे ‘ऐसाइच’, ‘मैंइच’, ‘कायको’, ‘अपुन’. मुंबईच्या हिंदीचा भाषाशास्त्रीय अभ्यास महादेव आपटे यांनी १९७४ च्या निबंधात मांडला आहे. त्याआधी सुनीतिकुमार चतर्जी यांनी कलकत्त्याच्या बाजारी हिंदुस्तानीचा केलेला अभ्यास (१९३१) या विषयाचा आरंभ मानला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशोक केळकर यांच्या हिंदी-उर्दूवरील ग्रंथात या दोहोंसाठी ‘हिर्दू’ हे एकच नाव योजले आहे. हा ग्रंथ चित्रपटाविषयी नाही, पण पडद्यावरची भाषा नेमकी कोणती या प्रश्नाला ते नाव चपखल बसते.

निश्चयार्थी ‘च’ मराठीतून आला याबद्दल मतभेद नाही. तो थेट आला की दख्खनीच्या, म्हणजे दख्खनमधल्या जुन्या उर्दू-हिंदुस्तानी बोलीच्या वाटेने, याबद्दल आहे. पहिले मत सोपे आहे : मुंबईत मराठी भाषकांची वस्ती, म्हणून मराठी ‘च’. दुसऱ्या मतानुसार दख्खनीने हा ‘च’ मराठीकडून बहमनी काळापासून केव्हातरी घेतला आणि ती बोलणारे लोक मुंबईत आले तेव्हा तो त्यांच्याबरोबर आला. इथे उच्चार उपयोगी पडतो. मराठीत ‘च’ दोन आहेत : ‘चार’मधला तालव्य आणि ‘चारा’मधला दंततालव्य. ‘मीच’, ‘तोच’ यांतला ‘च’ दुसऱ्या प्रकारचा. पडद्यावरच्या ‘मैंइच’मधला ‘च’ मात्र तालव्य आहे आणि त्याच्यामागे ‘इ’ लागतो. दोन्ही गोष्टी दख्खनीत तशाच आहेत. ‘कायको’चेही तसेच, मराठी ‘काय’ डोळ्यांसमोर येत असला तरी ‘काहे को’पासून झालेला दख्खनी ‘कायकू’ अधिक जवळचा. पुण्याच्या कॅम्पात किंवा मोमीनपुऱ्यात हा ‘कायकू’ अजून ऐकू येतो, आणि तो बोलणाऱ्याला कोणी टपोरी म्हणत नाही. त्यामुळे दख्खनी मार्गाचे मत सबळ ठरते. ‘अपुन’ मराठी ‘आपण’पासून की मध्य भारतातल्या ‘अपन’पासून, हा वाद मिटण्यासारखा नाही, बहुधा दोन्हींचा मेळ असावा.

‘वाट लगना’, ‘बोम मारना’, ‘झकास’ यांचे मराठीपण उघड आहे. ‘बाई’ या शब्दाचा प्रवास मात्र पाहण्यासारखा आहे. पुण्यातल्या शाळेत ‘बाई’ म्हणजे शिक्षिका. हिंदी पडद्यावर ‘बाई’ म्हणजे नऊवारी खोचून भांडी घासणारी. ‘घाटी’, म्हणजे घाटावरचा, हा शब्दही असाच वर्णनाचा हिणकस झाला.

मराठी साचे : हवालदाराच्या साच्याला वस्तुस्थितीचा आधार होता, मुंबई पोलिसांत कोकणातून आणि साताऱ्याकडून भरती होई. शिपायाला ‘पांडू’ म्हणण्याचा प्रघात दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) या मराठी चित्रपटाने रूढ केला असे मानतात. हिंदीत मात्र अधिकारी खन्ना किंवा वर्मा असे आणि सलाम ठोकणारा मराठी असे. ‘जंजीर’ (१९७३) मधला विजय खन्ना आणि ‘दीवार’ (१९७५) मधला रवी वर्मा ही उदाहरणे पुरेत. मराठी पोलिसाला बढती मिळाली ती ‘अर्धसत्य’ (१९८३) मध्ये. श्री. दा. पानवलकर यांची कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता. आणि अनंत वेलणकर झाला पंजाबी ओम पुरी, ज्याचे अभिनयशिक्षण काही अंशी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात झाले होते. त्याच चित्रपटातला रामा शेट्टी हा दाक्षिणात्य आडनावाचा दादा नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी केला. पुढे ‘अब तक छप्पन’ (२००४) मधला साधू आगाशे आणि ‘सिंघम’ (२०११) मधला बाजीराव आले. ‘सिंघम’ मुळात तमिळ चित्रपटाचे रूपांतर. त्यातले गाजलेले वाक्य ‘आता माझी सटकली’ मराठी खरेच, पण त्यात ‘ळ’ नाही, दंततालव्य ‘च’-‘ज’ नाही. ‘माझी’तला ‘झ’सुद्धा पुढच्या ‘ई’मुळे तालव्यच. हिंदी जिभेला अडेल असा एकही वर्ण त्यात नाही. हे ठरवून झाले असेल असे नाही.

‘हेराफेरी’ (२०००) मधला बाबूराव गणपतराव आपटे हा साच्यांच्या सरमिसळीचा उत्तम नमुना. मूळ मल्याळम चित्रपट ‘रामजीराव स्पीकिंग’ (१९८९), दिग्दर्शक मल्याळी, नट परेश रावल गुजराती, पात्र मराठी. आडनाव आपटे आणि बोली गिरणगावाच्या वळणाची, हा मेळ सदाशिव पेठेच्या कानाला खटकतो. तरीही ते पात्र पुण्यात मनापासून आवडले गेले, आणि मराठी माणसांनीच त्याच्या लकबी सर्वाधिक उचलल्या.

दाक्षिणात्य आणि इतर : चार मोठ्या भाषांना मिळून एक ‘मद्रासी’ ही हिंदी चित्रपटाची जुनी सवय. ‘पडोसन’ (१९६८) मधला मेहमूद यांचा संगीत शिक्षक हा तिचा कळस. तिथल्या गाण्याच्या जुगलबंदीत मेहमूदसाठी गळा मन्ना डे यांचा, म्हणजे बंगाली. पलीकडचा किशोरकुमार हाही बंगालीच. शास्त्रीय तयारी असलेला दाक्षिणात्य हरतो आणि न शिकलेला जिंकतो, हे त्या विनोदातले मर्म. रास्ता पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तमिळ कुटुंबांच्या पुण्यात ‘अय्यो’ एवढ्यावर कोणाला ओळखता येत नाही. ‘एक दुजे के लिए’ (१९८१) मध्ये तमिळ तरुण प्रथमच नायक म्हणून घराघरांत पोचला. ‘चक दे इंडिया’ (२००७) मध्ये तमिळ आणि तेलुगू यांतला फरक विचारणाऱ्याला पंजाबी आणि बिहारी यांतल्या फरकाचा दाखला मिळतो.

हिंदी पट्ट्यातील बोलींचा इतिहास वेगळा आहे; तिथे बोली नायकाला मिळते. ‘गंगा जमुना’ (१९६१) मधली पूर्वेकडच्या वळणाची बोली हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. ‘लगान’ (२००१) चे चित्रीकरण कच्छमध्ये, गावाचे नाव चंपानेर, भाषा मात्र अवधी वळणाची. ‘ओंकारा’ (२००६) आणि ‘दंगल’ (२०१६) यांत बोलींचा अभ्यास अधिक नेटका दिसतो. पारशी आणि सिंधी पात्रे विनोदापुरती येतात. ईशान्येकडची फारशी येतच नाहीत.

पुण्याचे रूप : प्रमाण मराठीचे पीठ समजल्या जाणाऱ्या पुण्याचे बोलणे हिंदी पडद्यावर जवळजवळ ऐकू येत नाही. पुण्याच्या गौरी शिंदे यांनी लोणच्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या आपल्या आईवरून ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) लिहिला. त्यातली शशी गोडबोले श्रीदेवी यांनी केली. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) वरचा पुण्यातला वाद गाजला. काही खेळ रद्द झाले. आक्षेप काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नाचण्यावर आणि पेशव्यांच्या नृत्यावर होता. पेशवे कोणत्या मराठीच्या सावलीत हिंदी बोलतात, यावर मात्र कोणी मोर्चा काढला नाही.

जोड-आवृत्त्यांची जागा आता रूपांतरांनी घेतली आहे. करमाळ्याच्या बोलीतला ‘सैराट’ (२०१६) हिंदीत ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा उजनीकाठचा प्रदेश जाऊन उदयपूर आले, आर्चीची पार्थवी आणि परशाचा मधुकर झाला. ‘झिंगाट’ हा शब्द तेवढा तसाच ठेवावा लागला. त्याचे बाकीचे गाणे हिंदीत नव्याने लिहून घेतले आणि चालीवर बसवले.