१८ मेगापिक्सेल आणि अर्ध्या मायक्रॉनच्या रेघा

“मॅडम, अठरा मेगापिक्सेल आहे. घेऊन टाकू का?”

फोन माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा. कोपरखैरण्यात तिची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्ताच्या स्लाइडचे फोटो काढायला मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावायचा होता आणि विक्रेता दोन दिवसांसाठी एक कॅमेरा ठेवून गेला होता. दुसरं कोटेशन ५ मेगापिक्सेलचं होतं आणि ते महाग होतं. कमी पिक्सेलना जास्त पैसे कशाला मोजायचे, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. फोनवर उत्तर देण्याजोगा मात्र नव्हता. म्हटलं, अगं, रविवारी येते. आमच्या कॉलेजचा कॅमेरा आणि एक काच घेऊन येते, डोळ्यांनीच बघ.

ती काच होती ‘प्ल्युरोसिग्मा अँग्युलेटम’ या डायटमची. डायटम म्हणजे सिलिकाच्या डबीत राहणारं एकपेशीय शैवाल. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखलातून जे गाळून खातात, त्यात डायटमही असतात. याच पाखरांमुळे खाडीचं नाव झालं आणि २०२२ साली तिला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत जागा मिळाली. प्ल्युरोसिग्माची डबी होडीसारखी, किंचित एस आकारात वळलेली. तिच्यावर बारीक रेघा असतात, दहा मायक्रॉनमध्ये साधारण वीस. म्हणजे दोन रेघांमधलं अंतर अर्धा मायक्रॉन, मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. मायक्रोस्कोप चांगला आहे की नाही हे या रेघांवर तपासायची चाल एकोणिसाव्या शतकापासून आहे.

तिच्या मायक्रोस्कोपचं ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे काचेजवळचं भिंग, लावलं आणि काच सरकवली. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, रेघा दिसल्या, पुसट पण नक्की. मग मी कंडेन्सरचा, म्हणजे खालून काचेवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा, पडदा हळूहळू बंद केला. चित्र आणखी ठसठशीत झालं, डबीची कड काळीभोर झाली आणि रेघा गायब! डबी जणू गुळगुळीत काचेची. “आता तुझा अठरावाला लाव,” मी म्हटलं. तिने लावला, झूम केलं, आणखी झूम केलं. रेघा नव्हत्याच. ऑब्जेक्टिव्हपर्यंत जे पोचलंच नाही, ते मागे कितीही पिक्सेल लावले तरी परत येत नाही.

याचं गणित जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडलं. तिथे त्यांच्या स्मारकावर ते सूत्र दगडात कोरलेलं आहे. ऑब्जेक्टिव्हवर ‘४०/०.६५’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या ४० कडे सगळे बघतात, ०.६५ कडे कोणी बघत नाही. हे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. वस्तूकडून पसरणारा प्रकाश भिंग किती रुंद कोनातून गोळा करतं, त्याचं हे माप. प्रकाशाच्या तरंगलांबीला या आकड्याच्या दुपटीने भागलं की जे अंतर येतं, त्याहून जवळचे दोन तपशील वेगळे दिसत नाहीत. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन धरला तर ०.५५ भागिले १.३, म्हणजे ०.४२ मायक्रॉन. प्ल्युरोसिग्माच्या रेघा यातून जेमतेम सुटतात. पडदा बंद केला की प्रकाशाचा कोन अरुंद होतो आणि त्या हातच्या जातात.

कॅमेऱ्याचं काम इथून सुरू होतं. ०.४२ मायक्रॉनचा तपशील टिपायला त्या अंतरात किमान दोन पिक्सेल हवेत. एक रेघेवर, एक मधल्या फटीत. म्हणजे वस्तूवर मोजलं तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२१ मायक्रॉन. आता दिसणारं वर्तुळ केवढं? तिच्या आयपीसवर १८ हा फील्ड नंबर होता, म्हणजे आयपीसमधल्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास. १८ मिलिमीटरला ४० ने भागलं की ०.४५ मिलिमीटर. या वर्तुळात बसणाऱ्या ४:३ च्या चौकटीचा कर्ण झाला साधारण २,१४० पिक्सेल, आणि सगळी चौकट भरायला लागतात सुमारे २.२ मेगापिक्सेल. बस्स.

हाच हिशोब मी तिला १००एक्सच्या ऑइल इमर्शनसाठी (काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून बघायचं ऑब्जेक्टिव्ह) करायला लावला. पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ पसरलेलं रक्त, ती त्याच्याखालीच बघते. न्यूमरिकल अ‍ॅपर्चर १.२५, तपशील ०.२२ मायक्रॉन, वर्तुळ ०.१८ मिलिमीटर. तिने कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले आणि माझ्याकडे बघितलं. “मॅडम, एक पूर्णांक तीन?” होय, १.३ मेगापिक्सेल. उलट ४एक्सला (०.१०) आणि १०एक्सला (०.२५) उत्तर येतं जवळपास ५. मोठ्या भिंगाला जास्त पिक्सेल लागतील असं सगळ्यांना वाटतं, घडतं नेमकं उलटं. ४एक्सवरून १००एक्सवर जाताना वर्धन २५ पटीने वाढतं, पण न्यूमरिकल अ‍ॅपर्चर साडेबाराच पट. चित्र मोठं होतं, त्यात भरलेला मजकूर पातळ होतो. आम्ही वर्गात याला पोकळ वर्धन म्हणतो.

या हिशोबाला एक पळवाट ठेवायला हवी. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही मांडणी: चार पिक्सेलच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. बाकीचे रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे ५ चा आकडा थोडा सैल धरावा. ६ किंवा ८ घेतले तर बिघडत नाही. १८ घेतल्याने काय बिघडतं ते पुढे.

त्या १८ मेगापिक्सेलवाल्याचा सेन्सर होता ‘१/२.३ इंची’. आता इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला २.३ ने भागलं की ११ मिलिमीटर यायला हवेत. प्रत्यक्षात त्या सेन्सरचा कर्ण असतो साधारण ७.७ मिलिमीटर! यात विक्रेत्याची लबाडी नाही, जुनी रूढी आहे. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असत. एक इंची नळी म्हणजे बाहेरून एक इंच जाड, आत चित्राचा कर्ण १६ मिलिमीटर. नळ्या कधीच भंगारात गेल्या, इंच मात्र राहिला. (शेर-पायली जाऊनही अर्धा पाव शिल्लक आहेच की.) तर एवढ्याशा चकतीवर १८ मेगापिक्सेल बसवायचे तर एक पिक्सेल फक्त १.२५ मायक्रॉनचा. आमच्या कॉलेजच्या ५ मेगापिक्सेलवाल्याचा सेन्सर २/३ इंची, कर्ण ११ मिलिमीटर, पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. क्षेत्रफळात साडेसात पट मोठा.

पावसात अंगणात वाटी ठेवली आणि पातेलं ठेवलं, तर पातेल्यात जास्त पाणी साठतं. पिक्सेलमध्ये प्रकाशाचं तसंच. आणि प्रकाशाचे कण थेंबांसारखेच अनियमित पडतात, त्यामुळे कमी साठले की शेजारशेजारच्या वाट्यांमधला फरक उठून दिसतो. चित्रात तो दिसतो करड्या रव्यासारखा. १००एक्सखाली प्रकाश आधीच मंद असतो, १०एक्सच्या जेमतेम चौथा हिस्सा. तिच्या स्मिअरवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या पेशीद्रव्यातले खरे बारीक कण कोणते आणि कॅमेऱ्याचा रवा कोणता, हे १८ मेगापिक्सेलच्या चित्रात मलाही सांगता येईना. आमच्या कॅमेऱ्यावर चित्र स्वच्छ होतं. महागाईचं कारण इथे होतं: पैसे पिक्सेलच्या संख्येला नाहीत, सिलिकॉनच्या आकाराला पडतात.

पण मोठा सेन्सर नुसता ठोकून चालत नाही. मायक्रोस्कोप आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक छोटी नळी येते, सी-माउंट अ‍ॅडाप्टर. तिच्यात चित्र लहान करणारं भिंग असतं आणि कोटेशनमध्ये त्याची एक ओळही धड नसते. तिच्याकडे ०.५एक्सचा होता. आमचा कॅमेरा त्यावर चढवल्याबरोबर स्क्रीनचे चारही कोपरे काळे. साहजिकच, ११ ला ०.५ ने भागलं की २२, आणि मायक्रोस्कोप देतो १८ मिलिमीटर. ०.६३एक्स लावला की १७.५ येतात, म्हणजे जवळजवळ सगळं वर्तुळ कामी येतं. शिवाय ३.४५ मायक्रॉनचा पिक्सेल १०एक्सखाली वस्तूवर ०.५५ मायक्रॉन भरतो, हवा होता तेवढाच. कॅमेरा आणि अ‍ॅडाप्टर ही जोडी एकत्र ठरवायची. एक आधी घेतला की दुसऱ्याच्या नावाने रडणं येतं.

वेगाचं दुखणं मात्र तिला मी न सांगताच कळलं होतं. स्लाइड सरकवली की पडद्यावरचं चित्र मागून रखडत यायचं. एका चित्राला १८ मेगाबाइट आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरचं यूएसबी २.० व्यवहारात सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइट नेतं. सेकंदाला दोन चित्रं! फोकस करायचा कसा? यूएसबी ३.० ने हे सुटतं. वर्गात किंवा डॉक्टरांना नुसतं दाखवायचं असेल तर एचडीएमआय कॅमेरा थेट टीव्हीला जोडावा. चित्र दोनच मेगापिक्सेलचं, पण हाताबरोबर हलतं.

मोबाइल आयपीसला टेकवून फोटो? दुसऱ्या डॉक्टरचं मत विचारायला छान. पण फोन परस्पर कडा धारदार करतो, डाग गुळगुळीत करतो, आणि लाल पेशीतली मलेरियाच्या परजीवीची रिंग शोधताना कोणी परस्पर काही गुळगुळीत केलेलं मला चालत नाही.

रंगाचंही तसंच. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करावा. लाल पेशींनी भरलेलं क्षेत्र दिसलं की तो लाल जास्त झाला असं समजून सगळं हिरवट करतो. काचेच्या रिकाम्या जागेवर एकदा पांढरा ठरवायचा आणि दिव्याचं बटण मग फिरवायचं नाही. तरीही स्मिअरला दिलेला लीशमनचा रंग निळसर येत असेल तर कॅमेऱ्याला बोल लावण्याआधी रंगात मिसळायचा बफर तपासा, त्याचा पीएच ६.८ आहे का.

दुपारी एक गंमत झाली. ४०एक्सवर रेघा छान दिसत होत्या, फोटो काढला तर पुसट. पुन्हा काढला, पुन्हा पुसट. तिसऱ्यांदा स्वच्छ. मी ट्रायनॉक्युलरची, म्हणजे प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवणारी, दांडी अर्धवट ओढली गेली का बघतेय, वायर बघतेय. शेवटी तिच्या मदतनिसाने विचारलं, “मॅडम, पुढची बॅच लावू का?” त्याच ओट्यावर सेंट्रिफ्यूज फिरत होतं! अर्ध्या मायक्रॉनच्या रेघा पुसायला अर्ध्याच मायक्रॉनची थरथर पुरते. मायक्रोस्कोप दुसऱ्या टेबलावर हलवला. यावर उपाय देणारा कॅमेरा कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये नसते, ती म्हणजे आपला पावसाळा. ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कॅमेरा काढला की सी-माउंटचं तोंड उघडं ठेवू नये. कॅमेऱ्यालाही टोपी, अ‍ॅडाप्टरलाही टोपी, आणि डब्यात सिलिका जेल. आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोपच्या कपाटात पूर्वी बारीक बल्ब अखंड पेटता असायचा. वीज वाया जाते म्हणून कोणीतरी तो काढला आणि दोन पावसाळ्यांत तीन ऑब्जेक्टिव्ह गेली.

शेवटी तिने २/३ इंची ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, ०.६३एक्स अ‍ॅडाप्टरसकट. आग्रहाने मी आणखी एक वस्तू घ्यायला लावली: स्टेज मायक्रोमीटर. काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले, एक घर १० मायक्रॉनचं. पुढच्या रविवारी ते १००एक्सखाली ठेवलं. गणिताने एका घराचे १८३ पिक्सेल भरायला हवे होते, भरले १८१. अ‍ॅडाप्टरवरचा आकडा असा थोडा इकडेतिकडे असतोच, म्हणून मोजून घ्यायचं. चारही ऑब्जेक्टिव्हचे आकडे तिने कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. मग स्वतःचंच बोट टोचून केलेला स्मिअर लावला आणि एका लाल पेशीवर कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढली. १३४ पिक्सेल, म्हणजे ७.४ मायक्रॉन. “नॉर्मल,” ती म्हणाली, आणि शेजारची पेशी मोजायला घेतली.