अ‍ॅक्रिलिकचा आरसा भोकापाशीच का तडकतो?

अ‍ॅक्रिलिकच्या आरशाला, म्हणजे काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या आरशाला, भोक पाडताना तडा जातो तो बहुधा अगदी शेवटी, ड्रिलचं बिट पलीकडे निघता निघता. दोष बिटाच्या धारेचा असतो. लोखंडासाठीच्या साध्या बिटाचं टोक 118 अंशांचं आणि धार पुढे झुकलेली. लोखंडाची ती सालपटं काढते. ठिसूळ अ‍ॅक्रिलिकमध्ये मात्र स्क्रूसारखी आत घुसते. तळाशी पातळ पापुद्रा उरला की बिट तो कापत नाही, अख्खी शीटच वर ओढतं, आणि भोकाभोवती चांदणी उमटते.

अ‍ॅक्रिलिकसाठीचं 60 ते 90 अंशांच्या टोकाचं बिट मिळालं तर उत्तम. नाहीतर जुन्या बिटाच्या दोन्ही धारांची पुढची कड तेलदगडावर हलकेच घासून सपाट करावी. मग ते खणत नाही, खरवडतं. शीटखाली प्लायवूडचा तुकडा ठेवून दोन्ही क्लॅम्पने घट्ट आवळावीत, ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद, वेग कमी. दर दोन-तीन सेकंदांनी बिट बाहेर काढून भुसा झाडावा. अ‍ॅक्रिलिक उष्णता पसरू देत नाही, सगळी धारेपाशीच साठते. साधारण 105 अंश सेल्सियसला ते मऊ होतं, भुसा वितळून बिटाला चिकटतो आणि थंड होताना भोकाच्या कडेत ताण कोंडून राहतो.

तो ताण दिसत नाही, पण थिनर, अ‍ॅसिटोन, सॅनिटायझर किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा लागला की कडेला केसांसारख्या बारीक रेघा उमटतात. म्हणून पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापडच.

कापणं त्यामानाने सोपं. 3 मिलिमीटरच्या शीटवर पुढच्या बाजूने, वरची संरक्षक फिल्म न काढता, पोलादी पट्टी धरून प्लास्टिक-कटरने त्याच रेषेवर आठ-दहा वेळा खाच ओढावी. खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेली की ती वर ठेवून, टेबलाच्या कडेला जुळवून, एका झटक्यात दाबायचं. वळणदार कापाला जिगसॉ आणि बारीक दातांचं पातं. कड 220 आणि मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. ज्योतीने चमकवायचा मोह टाळावा, आरशाचा मागचा चकाकता लेप करपतो.

आता भिंतीकडे. 600 बाय 900 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाडीचा आरसा दोन किलोही भरत नाही. तेवढ्याच जाडीची काच चार किलोंची. पण तापमान 15 अंशांनी बदललं तर 900 मिलिमीटरच्या बाजूत जवळपास 1 मिलिमीटरचा फरक पडतो, काचेच्या सात-आठपट. त्यात गोव्याचा पावसाळा. अ‍ॅक्रिलिक हवेतला दमटपणा शोषून फुगतं, मागची बाजू मात्र लेपाने झाकलेली, त्यामुळे मोठी शीट किंचित वाकते. 4 मिलिमीटरच्या स्क्रूला 6 मिलिमीटरचं भोक हवं, कडेपासून निदान 20 मिलिमीटर आत. खाली नायलॉनचा वॉशर घालावा आणि स्क्रू आवळून अर्धा फेरा सैल करावा. घट्ट आवळलेल्या भोकापासून तडा मे महिन्यातही जाऊ शकतो.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरांत अडचण दुहेरी. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, म्हणून तिथेही हॅमर बंद ठेवून लांब प्लग बसवावा. गिलावा क्वचितच सपाट असतो, आणि पातळ आरसा भिंतीचा प्रत्येक उंचवटा तोंडावर उमटवतो. चेहरा जत्रेतल्या हसऱ्या आरशासारखा दिसतो. आधी 12 मिलिमीटरचं मरीन प्लाय भिंतीवर बसवावं, मागे 5 मिलिमीटरच्या पट्ट्या देऊन हवेला वाट ठेवावी. आषाढात भिंत पाझरली तरी ओल लेपापर्यंत पोचत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लवकर गंजतात.

चिकटवायचं असेल तर सिलिकॉनची नळी घेताना आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा असेल तर परत ठेवावी: तिच्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अतिपातळ थराला खातं आणि काही महिन्यांत काळे डाग पुढून दिसू लागतात. ‘न्यूट्रल’ लिहिलेलीच हवी, आणि तीही ठिपक्यांनी किंवा उभ्या रेघांनी लावावी.

संरक्षक फिल्म सगळं काम उरकल्यावर काढावी. पण शीट उन्हात महिनोन् महिने पडून असेल तर फिल्मचा गोंद वाळून चिवट होतो. मग कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, नखानेच हळूहळू सोलत बसायचं. सुरी लावली की ओरखडा.