आधी उत्तर, मग कोड

टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे टीडीडी: आधी कोडचं उत्तर तपासणारी टेस्ट लिहायची, मग ती पास होईल असा कोड. या पद्धतीचं नाव काढलं की आठवतात प्रोग्रॅमर केंट बेक. ते स्वतः मात्र आपण ही पद्धत शोधली असं म्हणत नाहीत. 'पुन्हा शोधली' म्हणतात. प्रोग्रॅमिंगवरच्या एका फार जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं: इनपुटची टेप (जुनी मशीन माहिती टेपवरून घेत आणि टेपवरच देत) घ्या, आउटपुटची टेप कशी यायला हवी ती हाताने टाइप करून ठेवा आणि मशीनमधून निघणारी टेप तिच्याशी जुळेपर्यंत प्रोग्रॅम लिहीत राहा. जुन्या पिढीच्या प्रोग्रॅमरांना टीडीडी समजावून सांगितलं, तर ते म्हणत, "मग आणखी कसं लिहिणार?"

त्या काळात मशीनचा वेळ महाग होता, त्यामुळे कागदावर उत्तर काढून ठेवल्याशिवाय मशीनकडे जाणं परवडत नसे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ मोहिमेचं सॉफ्टवेअर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या टप्प्यांत लिहिलं जात होतं आणि प्रत्येक टप्प्याच्या टेस्ट आधी ठरवल्या जात होत्या. पुढे प्रकल्प फुगले आणि बऱ्याच ठिकाणी कोड लिहिणारे एकीकडे, तपासणारे दुसरीकडे, अशी वाटणी झाली. टेस्टिंग रिलीजच्या तोंडावर येऊन पडलं. टेस्टमुळे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे कधीच दाखवता येत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा तेव्हाच सांगत होते. टीडीडीचं गुणगान करताना हे वाक्य विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

बेक यांनी १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी एसयुनिट हे टेस्ट चालवणारं छोटं साधन लिहिलं. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्यांनी आणि प्रोग्रॅमर एरिक गामा यांनी मिळून जावा भाषेसाठी तसंच जेयुनिट लिहायला घेतलं. या साधनांनी एक साधी पण मोठी गोष्ट केली: उत्तर बरोबर की चूक हे माणसाने डोळ्यांनी पडताळायची गरज उरली नाही. टेस्ट स्वतःच लाल (चूक) किंवा हिरवी (बरोबर) होते, तीही काही सेकंदांत. एवढा वेग आला तेव्हाच दर दोन-चार ओळींमागे टेस्ट चालवणं शक्य झालं. २००२ मध्ये बेक यांचं टीडीडीवरचं पुस्तक आलं आणि लाल, हिरवा, रिफॅक्टर (आधी नापास होणारी टेस्ट, मग ती पास करणारा कोड, मग काम न बदलता कोडची साफसफाई) ही त्रिसूत्री सगळीकडे पसरली. त्यातली तिसरी पायरी सर्रास गाळली जाते आणि तिथेच या पद्धतीचा जीव जातो.

ही सवय मुरली ती क्रायस्लर या मोटार कंपनीच्या 'सी-थ्री' या पगारपत्रकाच्या प्रकल्पात. पगाराचं काम तिला फारच सोयीचं. या महिन्यात या माणसाच्या हाती किती पडायला हवेत, हे कोड लिहिण्याआधीच ठाऊक असतं. १९९७ मध्ये या सिस्टिमवर सुमारे १०,००० जणांचा पगार निघू लागला. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्प बंद झाला. टेस्ट हिरव्या असणं आणि प्रकल्प टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बिलिंगच्या एका कामात रकमेला आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देणारं फंक्शन मी टीडीडीने लिहिलं होतं. पहिली टेस्ट: ९९९ चे ९९९ च राहावेत. मग १००० चे १,०००. तिसरी टेस्ट १,००,००० ची, आणि ती लाल आली, कारण माझा कोड दर तीन अंकांनी स्वल्पविराम देत होता आणि उत्तर १००,००० येत होतं. शेवटचे तीन अंक वेगळे काढून उरलेल्यांच्या जोड्या केल्या, सगळं हिरवं झालं. काही दिवसांनी उणे शंभराची क्रेडिट नोट, म्हणजे ग्राहकाच्या खात्यात परत जमा करायच्या रकमेची पावती, छापली गेली: '-,१००'. शेवटचे तीन अंक बाजूला काढल्यावर उरलेलं वजाचं चिन्ह माझ्या कोडने अंकच समजलं होतं. उणे रक्कम माझ्या डोक्यातच आली नव्हती, मग ती टेस्टमध्ये कुठून येणार? टेस्ट आणि कोड एकाच डोक्यातून निघतात, ही या पद्धतीची सगळ्यात खरी मर्यादा. पण उणे शंभराची टेस्ट आधी लिहून, ती लाल झालेली बघून दुरुस्ती केली, तेव्हा जुन्या टेस्टच्या भरवशावर दहा मिनिटांत निर्धास्तपणे कोड पुढे पाठवता आला, हेही तितकंच खरं.

आकडे काय सांगतात? २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीडीडी न वापरणाऱ्या तशाच प्रकल्पांच्या तुलनेत रिलीजपूर्व दोषांचं प्रमाण ४० ते ९० टक्क्यांनी कमी होतं. सुरुवातीचा वेळ मात्र, व्यवस्थापकांच्या अंदाजाने, १५ ते ३५ टक्के जास्त लागला. २०१७ च्या एका अभ्यासात ३९ व्यावसायिक डेव्हलपरांचं काम तपासलं, तेव्हा टेस्ट आधी की नंतर याने विशेष फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो लहान लहान, एकसारख्या टप्प्यांत काम करण्याने. मला हा निष्कर्ष पटतो.

उत्तरापर्यंत जायची वाटच माहीत नसेल, तर टेस्ट ती वाट दाखवत नाहीत. सी-थ्रीच्या टीममधले रॉन जेफ्रीज यांनी २००६ मध्ये टीडीडीने सुडोकू सोडवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. लेखामागून लेख झाले, पण तो पूर्णत्वाला गेला नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉरविग यांनी तेच कोडं काही पानांच्या कोडमध्ये सोडवलं, कारण कोणती पद्धत लावायची हे त्यांना आधीच माहीत होतं.

२०१४ मध्ये रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बनवायच्या साधनाचे निर्माते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'टीडीडी मेली' असं जाहीर करून टाकलं. टेस्ट सोयीची व्हावी म्हणून कोडमध्ये नको तेवढे थर घातले जातात आणि रचनाच बिघडते, ही त्यांची तक्रार. मग ते, बेक आणि सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्यात जाहीर संवाद झाले. खऱ्या घटकाच्या जागी ठेवायचे नकली घटक, म्हणजे मॉक, आपण जवळजवळ वापरतच नाही, असं खुद्द बेक यांनी तिथे सांगितलं. फाउलर यांचा मुद्दा असा की स्वतःला तपासू शकणारा कोड हवाच. टीडीडी हा तिथवर पोचायचा एक रस्ता आहे, एकमेव नाही.